बिनकारणाचे तीन दिवस

२०२६चं कॅलेंडर भिंतीवर लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या बँकवाल्या मैत्रिणीचा फोन आला. “२४ जानेवारीला चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. २५ला रविवार आणि २६ला सोमवार. तीन दिवस सलग! बोल, काय करायचं?”

माझं मन लगेच माथेरान, अलिबाग असं धावायला लागलं. पण अशा सुट्टीत बोरघाटात गाड्यांच्या रांगेत बसून बिस्किटांचे पुडे संपवण्याचा अनुभव आम्ही सगळ्यांनीच घेतलाय. तेव्हा गिरगावकर मैत्रीण म्हणाली, “सगळे बाहेर चाललेत ना? मग मुंबई रिकामी. माझ्याकडेच या.” तिचा नवरा आणि मुलगा देवळाच्या कामासाठी गावी जाणार होते. चाळीतल्या दोन खोल्या, समोर लांबलचक गॅलरी आणि चौघी आम्ही. ठरलंच!

चौघी म्हणजे बी. ए.ला मराठी घेऊन एकाच बाकावर बसलेल्या. आता एक बँकेत आहे, एक शाळेत शिकवते, एक गिरगावात पोळीभाजीचे डबे देते आणि मी ठाण्याला वस्तीतल्या बचत गटांच्या मागे धावते. नावं छापायची नाहीत असं तिघींनी बजावलंय, त्यामुळे धंद्यावरूनच ओळखा.

घरी सांगणं हा मोठा कार्यक्रम होता. सासूबाईंनी विचारलं, “गिरगावात काय आहे?” म्हटलं, “काही नाही.” “काही नाही म्हणजे? बारसं? डोहाळजेवण? कोण आजारी आहे का?” “नाही हो आई, अशीच जातेय.” ‘अशीच’ हा शब्द त्यांना काही केल्या गिळेना. नवऱ्यानं आणि मुलानं मान डोलावली खरी, पण त्यांच्याही चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होतंच. बाईनं घराबाहेर पडायला लग्नकार्य, देवदर्शन, दवाखाना, निदान भाजी तरी हवी. फडके, खान आणि रानडे या तिघींनी मिळून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते मुंबईतल्या बायकांच्या याच अडचणीवर. शहरात नुसतं रेंगाळायचा हक्क बाईलाही हवा, असं त्यांचं म्हणणं. मी ते पुस्तक सासूबाईंना दाखवलं नाही. तीन दिवसांची भाजी चिरून डब्यांत भरली, फ्रिजच्या दारावर यादी चिकटवली आणि निघाले.

माझं निघणं तसं सोपंच. बँकवालीचं नव्हतं. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. घरात सासूबाई आणि बारावीतला मुलगा. या चार वर्षांत तिनं काढलेल्या रजा म्हणजे मुलाची परीक्षा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि कोर्टकचेरीची कागदपत्रं. या वेळी तिची नणंद बॅग घेऊन दारात हजर झाली. “मी राहते आईजवळ, तू जा,” म्हणाली. अशा नणंदेवर कुणीतरी मालिका काढायला हवी!

शनिवारी सकाळी चौघी धोबीतलावच्या कयानीत जाऊन बसलो. १९०४ सालचं हे इराणी हॉटेल. आमच्या कॉलेजच्या दिवसांत इथे दोन चहा चौघींत व्हायचे. आता चौघींना चार चहा, चार बनमस्का आणि वर मावा केक. शिक्षिकेला साखर आहे. तिनं केकचा “अगदी कोपरा” मागितला आणि चारही कोपरे तिच्याच बशीत गेले. तिथून खोताच्या वाडीत शिरलो. लाकडी जिने आणि रंगीत व्हरांडे असलेली तिथली घरं एकेकाळी साठ-पासष्ट होती म्हणतात, आता निम्म्याहून कमी उरलीत. गिरगावकरणीची बडबड तिथे थोडा वेळ थांबली. तिच्याही चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत.

दुपारी भुयारी मेट्रो! ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मेट्रो थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, तरी आमच्यापैकी फक्त गिरगावकरच तिच्यात बसली होती. तीही रोज बसत असल्यासारखी ऐटीत पुढे आणि आम्ही जत्रेतल्या पोरींसारख्या मागे. खाली उतरल्यावर माझ्या मोबाइलची रेंज गेली. हुतात्मा चौकापर्यंत ‘आई, माझे पांढरे मोजे कुठे आहेत’ हा फोन काही येऊ शकला नाही. सरकारनं ही सोय मुद्दाम केली असेल तर धन्यवाद!

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, लाजण्यासारखं त्यात काही नाही. बाहेर जायचं म्हटलं की आम्ही बायका आधी पाणी पिणं बंद करतो. बाकी सगळं मिळेल, पण ‘जायला’ कुठे मिळेल याची खात्री नसते. याच मुंबईत २०११च्या सुमारास बायकांनी ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा त्यांचा साधा सवाल होता. मी स्वतः आमच्या वस्तीतल्या शौचालयासाठी वॉर्ड ऑफिसचे जिने झिजवलेत, त्यामुळे कुठल्याही नव्या ठिकाणी माझी नजर आधी त्या पाटीकडे जाते. मेट्रोच्या स्थानकात पाटीही सापडली आणि पाणीही होतं. मग काय, दिवसभर बाटल्या भरभरून प्यायलो. जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघितली, फुकटात. ओव्हलच्या कडेला बसून पोरांचं क्रिकेट बघितलं. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाय सोडून बसलो. चणेवाला तीनदा येऊन गेला. उठायला कुणी तयारच नव्हतं.

रविवारी रथसप्तमी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. चाळीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू संध्याकाळी खालच्या चौकात. सकाळीच दोन मुली वही घेऊन बोलावणं करायला आल्या. “काकू, पाहुण्यांना पण घेऊन या हं, चौघीही या.” मुली पुढच्या दाराशी गेल्या आणि बँकवाली पोहे परतता परतता सहज म्हणाली, “तुम्ही तिघी जाऊन या. मी वर पडते जरा.”

झालं! माझ्यातली कार्यकर्ती उठून उभी राहिली. आमच्या वस्तीत आम्ही दर वर्षी सगळ्या बायकांचं एकत्र हळदीकुंकू करतो, कोण विधवा, कोण टाकलेली, काही बघत नाही. मी हेरवाडपासून सुरुवात केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. “आणि ही तर मुंबई आहे,” मी म्हटलं, “तू ताठ मानेनं चल.”

तिनं गॅस बंद केला. “हे बघ, तुझं सगळं बरोबर आहे. पण खाली पन्नास बायका असतील. त्यातली कोणीतरी करंडा हातात घेऊन माझ्यासमोर अर्धा सेकंद थांबेल. लावू की नको? तो अर्धा सेकंद मला आज नकोय. मी सुट्टीवर आलेय गं. मला तुमच्या समाजसुधारणेचा विषय करू नका.”

कोणीच काही बोललं नाही. मग शिक्षिकेनं पेपर उघडला आणि नाटकाच्या जाहिरातींच्या पानावर बोट ठेवलं. दादरच्या शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग होता. गिरगावकरणीनं महिला मंडळाला निरोप पाठवला, “आम्ही चौघी नाटकाला चाललोय.” तिला दुसऱ्या दिवशी याबद्दल दोन शब्द ऐकावे लागणार होते, ते तिलाही माहीत होतं. चाळीत राहायचं म्हणजे बोलावणं मोडणं सोपं नसतं.

नाटक विनोदी होतं. बँकवाली इतकी हसली की पुढच्या रांगेतले आजोबा दोनदा वळून बघत होते. मध्यंतरात बटाटेवडा, नाटक सुटल्यावर पीयूष आणि साबुदाणा वडा, त्यावर “आता रात्री जेवायचं नाही हं” असं ठरवून गिरगावात परतल्यावर पिठलं-भात.

जिना चढून वर आलो तेव्हा शेजारच्या आजी गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. त्यांच्या पुढ्यात स्टूल आणि स्टुलावर स्टीलच्या चार वाट्या, प्रत्येकीत दोन-दोन तिळाचे लाडू. “मंडळाची वाणं होती. तुमच्या चौघींची काढून ठेवली,” म्हणाल्या. एकेकीच्या हातात वाटी दिली. बँकवालीच्या हातात देताना म्हणाल्या, “तू बँकेत ना? माझ्या पेन्शनचं एक विचारायचंय, सकाळी बस जरा.” कुंकवाचा विषय निघालाच नाही. आजींच्या कपाळावरही ते नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शिक्षिकेनं माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

सोमवारी शिक्षिका पहाटेच उठून शाळेत झेंडावंदनाला गेली. सुट्टी असली तरी मास्तरणीला २६ जानेवारी चुकत नाही. आम्ही चाळीतल्या झेंड्याला सलाम केला. मग सत्यनारायणाची तयारी, केळीचे खांब, लाउडस्पीकर. बँकवाली सकाळपासून गॅलरीत आजींच्या पासबुकात डोकं घालून बसली होती. हळूहळू तिथे आणखी तीन म्हाताऱ्या आपापली पासबुकं घेऊन आल्या. अकराला शिक्षिका परतली तेव्हा ही म्हणते कशी, “सुट्टी कसली, शाखाच उघडलीय मी इथे!” पण उठत नव्हती. चहा दोनदा तिथेच मागवला.

दुपारी प्रसादाचा शिरा खाऊन हिशोबाला बसलो. नाटकाची तिकिटं, मेट्रो, कयानी, वडे, चणे मिळून ५,९४० रुपये. माणशी १,४८५. लोणावळ्याच्या हॉटेलात एका रात्रीला एवढ्यात काय आलं असतं ते सोडा. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. १ मे शुक्रवार, ३ मे रविवार. तीन दिवस सलग! पण शिक्षिकेनं बोट ठेवलं, “२ तारखेला पहिला शनिवार. हिची बँक चालू.”

बँकवालीनं पर्समधून पेन काढलं. “रजा टाकते.”

“कारण काय लिहिशील?”

“ते बघू,” ती म्हणाली आणि २ मेच्या चौकटीत गोल काढून मोकळी झाली.