अश्वप्रजननाचे विज्ञान : लेखांक ५ – काचपात्रातील फलन आणि भ्रूणाचे पहिले दिवस

घोडीच्या माजाचे चक्र साधारण 21 दिवसांचे असते आणि एका चक्रात बहुधा एकच बीजांड पक्व होते, हे मागील लेखांकात पाहिले. गायीत संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक बीजांडे मिळवता येतात. घोडी त्या उपायाला फारशी दाद देत नाही, त्यामुळे तिच्या प्रत्येक बीजांडाचे मोल अधिक ठरते. असे बीजांड शरीराबाहेर काढून त्याचे फलन प्रयोगशाळेत घडवणे घोड्याच्या बाबतीत फार अवघड गेले. माणसात हे 1978 मध्ये इंग्लंडमध्ये साधले आणि 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून याच पद्धतीने हर्षा या मुलीचा जन्म झाला. घोड्यात मात्र 1990 च्या सुमारास फ्रान्समध्ये या पद्धतीने दोन शिंगरे जन्मल्यानंतर ते यश तीन दशके खात्रीने पुन्हा घडवता आले नाही.

अडचण मुख्यतः शुक्रजंतूंकडे होती. ताज्या वीर्यातील शुक्रजंतू लगेच फलनक्षम नसतो. मादीच्या जननमार्गात काही काळ राहिल्यावर त्याच्या आवरणात व शेपटीच्या हालचालीत बदल होतात आणि मगच तो बीजांडाभोवतीचे पारदर्शक कवच भेदू शकतो. या बदलास क्षमताप्राप्ती म्हणतात. वळूच्या शुक्रजंतूंत ती हेपारिन या द्रव्याच्या साहाय्याने पात्रातच घडवता येते, पण घोड्याच्या शुक्रजंतूंना तोच उपाय लागू पडला नाही. म्हणून संशोधकांनी कवच भेदण्याचे काम शुक्रजंतूवर न सोपवता एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने थेट बीजांडाच्या आत सोडण्याची ‘इक्सी’ ही पद्धत स्वीकारली आणि 1996 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथे तिच्यातून पहिले शिंगरू जन्मले. पुढे 2022 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने शुक्रजंतूंना विशिष्ट द्रव्यांच्या मिश्रणात सुमारे 22 तास ठेवून मगच बीजांडाजवळ सोडले, तेव्हा सुईविना फलन झाले, त्या भ्रूणांपासून निरोगी शिंगरे जन्मली आणि मूळ उणीव अवधीची व योग्य माध्यमाची होती, हे स्पष्ट झाले.

बीजांड मिळवणे हेही कौशल्याचे काम आहे, कारण घोडीत ते बीजांडपुटकाच्या भिंतीला घट्ट चिकटलेले असते. सोनोग्राफीच्या साहाय्याने योनिमार्गातून सुई पुटकात घालतात, द्रव आत-बाहेर करून पुटक अनेकदा धुतात आणि भिंत खरवडून बीजांड सोडवतात. अशी बहुतेक बीजांडे अपक्व असतात, म्हणून फलनापूर्वी त्यांना एक दिवसाहून अधिक काळ उबवणयंत्रात पक्व करावे लागते. तथापि ती एक रात्र सामान्य तापमानात टिकत असल्याने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात, ही मोठी सोय आहे.

फलनानंतर एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार अशा पेशी होत जातात आणि सुमारे आठवडाभरात, पात्रात कधी त्याहून दोन-तीन दिवस उशिरा, आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट तयार होतो. घोडीच्या पोटात याच काळात एक विलक्षण निवड घडते: फलित भ्रूण प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य स्रवतो, त्याने बीजांडवाहिनीचे स्नायू सैल पडतात आणि सहाव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयात उतरतो, तर अफलित बीजांडे बहुधा वाहिनीतच अडकून राहतात. त्यानंतर भ्रूणाभोवती लवचीक पण चिवट असे एक संपुट तयार होते आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास एका जागी स्थिरावेपर्यंत तो गर्भाशयभर फिरत राहून मातेच्या शरीराला आपले अस्तित्व जाणवून देतो. ही फिरती रोखली गेली तर गर्भ टिकत नाही. पात्रात वाढलेल्या भ्रूणाभोवती हे संपुट नीट बनत नाही, मात्र प्रत्यारोपणानंतर ती उणीव भरून निघू शकते.

भारतात राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील प्रादेशिक केंद्रात 19 मे 2023 रोजी मारवाडी जातीची ‘राज-प्रथमा’ ही 23 किलो वजनाची शिंगी जन्मली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून ‘राज-हिमानी’ जन्मली. ही दोन्ही उदाहरणे भ्रूण प्रत्यारोपणाची आहेत, म्हणजे भ्रूण घोडीच्या पोटातच तयार झाला आणि साडेसात दिवसांचा असताना तो धुऊन काढून दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात ठेवला गेला. प्रयोगशाळेतील फलन ही त्यापुढची पायरी होय. पुण्याच्या स्टड फार्मवरील शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना यांपैकी कोणतीही पद्धत चालत नाही, कारण त्या जातीच्या नोंदणीस नैसर्गिक संयोगच मान्य आहे.

जालना जिल्ह्यातील परतूरच्या परिसरातील लोकांना घोडा आज लग्नाच्या वरातीत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतील बाजारात दिसतो. या बाजूच्या पशुपालकांच्या दृष्टीने हे तंत्र महत्त्वाचे ठरते ते महाराष्ट्राच्या भीमथडी जातीमुळे, जिला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली आहे. इक्सीला एकच शुक्रजंतू पुरत असल्याने उत्तम नराचे थोडेसे गोठवलेले वीर्यही त्याच्या मृत्यूनंतर अनेक प्रयत्नांना पुरू शकते. परंतु ते वीर्य आधी साठवलेले असावे लागते, आणि म्हणून जातीच्या जतनाचा आरंभ महागड्या प्रयोगशाळेपेक्षा निवडक नरांच्या नोंदीने व वीर्यसंकलनाने होणे अधिक व्यवहार्य ठरते. वीर्य गोठवताना शुक्रजंतूंचे नेमके काय होते आणि काही घोड्यांचे वीर्य गोठणे का सहन करत नाही, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.