सातांतले चार

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला टेनिसची राष्ट्रीय स्पर्धा दर मे महिन्यात होते. एनसीएए ही संस्था १९८२ पासून ती भरवते. डिव्हिजन वन या सर्वोच्च गटात सुमारे तीनशे विद्यापीठांचे महिला संघ आहेत. हंगामाच्या शेवटी त्यांतले ६४ निवडले जातात. हरला तो संघ घरी, अशी सरळ बाद पद्धत असते. विजेतेपदासाठी सहा लढती जिंकायच्या आणि प्रत्येक लढतीत चार गुण मिळवायचे, म्हणजे एकूण फक्त २४ गुण. आकडा इतका लहान दिसतो की या स्पर्धेच्या पोटात किती अफाट गणित दडलं आहे याची शंकाही येत नाही.

बाद पद्धतीत प्रत्येक लढत एका संघाला बाहेर काढते, म्हणून ६४ संघांतून एक उरेपर्यंत ६३ लढती होतात. प्रत्येकीचे निकाल दोनच. तरी सगळ्या स्पर्धेचा ड्रॉ पहिल्या फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत किती वेगवेगळ्या प्रकारांनी भरता येईल? दोनाला दोनाने ६२ वेळा गुणत जा. उत्तर येतं ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहंपासून अठरा स्थानांची नावं दिली आहेत आणि त्यांतलं शेवटचं नाव परार्ध. ही संख्या ९२ परार्धांच्या वर जाते. दर सेकंदाला एक याप्रमाणे हे सगळे ड्रॉ भरत बसलो तर सुमारे २९,२०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानतात, त्याच्या एकवीसपट.

अर्थात ६४ संघांची कुठलीही बाद स्पर्धा घेतली तरी हाच आकडा येणार. टेनिसची खरी गंमत एका लढतीच्या आत आहे.

लढत सुरू होते दुहेरीच्या तीन सामन्यांनी. तिन्ही शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक सामना एकाच सेटचा असतो. ज्या संघाच्या दोन जोड्या जिंकतात त्याला एक गुण. तिसरी जोडी अजून खेळत असेल तर तिचा सामना तिथेच थांबवतात. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. खेळाडूंना ताकदीनुसार एक ते सहा असे क्रम दिलेले असतात आणि एकाची गाठ समोरच्या एकाशी, सहाची सहाशी पडते. सहा कोर्टं मोकळी असली की हे सहाही सामने एकदमच सुरू होतात. कुठला आधी संपेल याचा काही नेम नसतो. एखादीचा पाऊण तासात आटपतो, तर शेजारची तीन तास झुंजत राहते. एकूण गुण सात, आणि एका संघाचे चार झाले की उरलेले सामने अर्धवट सोडून लढत संपते.

आता सेटचे आकडे बाजूला ठेवू आणि एवढंच मोजू, की कुठल्या कोर्टावरचा सामना कितवा संपला आणि तो कोणी जिंकला. दुहेरीचा गुण ठरण्याचे ३६ प्रकार होतात. तो ठरल्यावर एकेरीतून लढतीचा निकाल लागण्याचे २३,१६० प्रकार. दोन्हींचा गुणाकार ८,३३,७६०. एकाच दुपारच्या एकाच लढतीचा धागा सव्वाआठ लाखांहून जास्त वाटांनी उलगडू शकतो! कोर्टांच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला सहा कोर्टांकडे एकाच वेळी डोळा ठेवायचा असतो. त्याच्या मनात काय चालत असेल, याचा अंदाज मला या आकड्यावरून येतो.

दुहेरीचा गुण सातांतला एकच, पण त्याचं वजन बघा. तो मिळाला की सहा एकेरींतले तीन पुरतात; गमावला की चार लागतात. एकेरीचा प्रत्येक सामना बरोबरीचा धरला, तर सहा सामन्यांचे निकाल ६४ प्रकारे लागू शकतात आणि त्यांपैकी ४२ प्रकारांत दुहेरीचा गुण घेतलेला संघ लढत जिंकतो. प्रतिस्पर्ध्यासाठी उरतात २२. अर्ध्या-पाऊण तासाच्या खेळाने पारडं जवळजवळ दोनास एक इतकं झुकतं.

या रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती सहाव्या कोर्टावरची मुलगी. तिचं नाव सहसा मथळ्यात येत नाही, पण तिचा गुण पहिल्या क्रमांकाच्या मुलीच्या गुणाइतकाच भरतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॅनिएल कॉलिन्सने २०१४ आणि २०१६ साली एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. २०२२ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. तरी त्या दोन्ही वर्षी सांघिक करंडक व्हर्जिनियाला मिळाला नाही. २०१४ ला तो यूसीएलएने नेला, २०१६ ला स्टॅनफर्डने. कितीही मोठी खेळाडू असो, एकेरीत ती संघाला एकच गुण देऊ शकते.

म्हणून संघांना सहाही क्रमांकांवर दमदार खेळाडू लागतात, आणि त्यांच्यासाठी वाट एका कायद्याने खुली केली. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी घातली. पुढे अनेक वर्षं डिव्हिजन वनच्या महिला टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, पुरुषांच्या संघाला साडेचार. जगभरच्या मुली या वाटेने तिथे गेल्या. आपली ऋतुजा भोसले त्यांतलीच एक. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, पहिला सेट २-६ असा गमावल्यानंतर. टेक्सास ए अँड एमने २०२४ मध्ये पहिल्यांदाच एनसीएएचा सांघिक करंडक उचलला.

आणखी एक मजेदार जुळणी. महाविद्यालयीन टेनिसमध्ये आता ४०-४० झाल्यावर ॲडव्हान्टेज नसतं. पुढच्या एका पॉइंटवर गेम संपतो. म्हणजे गेमसुद्धा सातांतले चार! एका गेमचं आणि अख्ख्या लढतीचं गणित अगदी एकच. दोन्ही बाजू तुल्यबळ असतील, तर १६ पैकी ५ गेम शेवटच्या निर्णायक पॉइंटपर्यंत जातात आणि १६ पैकी ५ लढती ३-३ पर्यंत. या हिशेबाने नऊ अंतिम लढतींत तीनएक वेळा ३-३ व्हायला हवं. २०१० ते २०१८ या नऊ वर्षांत काय झालं? २०१०, २०११, २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८. नऊपैकी सहा अंतिम लढती ४-३ अशा सुटल्या. सहा वेळा वर्षभराची मेहनत एका कोर्टावर येऊन थांबली.

या सहांपैकी पाचांत एक संघ स्टॅनफर्डचा होता. स्टॅनफर्डने हा करंडक २० वेळा जिंकला आहे, त्यांतले पहिले दहा फ्रँक ब्रेनन यांच्या मार्गदर्शनाखाली आणि पुढचे दहा लेली फोरूड यांच्या. २०१६ आणि २०१८ मध्ये तर त्यांचं मानांकन पंधरावं होतं. पण मला थक्क करतो तो दुसराच आकडा. १९९९ पासून २०११ पर्यंत स्टॅनफर्डच्या मुली आपल्या घरच्या कोर्टांवर सलग १८४ लढती जिंकल्या. प्रत्येक लढत जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरली, तरी अशी मालिका साडेबारा हजारांत एकदा घडेल. ९९ टक्के धरली तरी शंभरात जेमतेम सोळा वेळा. बारा वर्षांत मुलींच्या कितीतरी पिढ्या आल्या, पदवी घेऊन गेल्या. पहिल्या विजयाच्या वेळी खेळणारी एकही शेवटच्या विजयाला संघात नव्हती.

२०११ ची अंतिम लढत स्टॅनफर्डच्याच कोर्टांवर होती, फ्लोरिडाशी. ३-३ झालं. उरला एकच सामना: स्टॅनफर्डची मॅलरी बर्डेट आणि फ्लोरिडाची लॉरेन एंब्री. आदल्याच वर्षी याच दोन संघांच्या अंतिम लढतीत ३-३ वरचा निर्णायक गुण बर्डेटने मिळवला होता. या वेळीही तिसऱ्या सेटमध्ये ती ४-० ने पुढे होती. तिथून एंब्रीने एकेक गेम परत मिळवला, सेट टायब्रेकपर्यंत नेला आणि तो जिंकला. १८५ वी लढत फ्लोरिडाची झाली, ४-३.