पाण्याआधी पिशव्या

आज माउंट हॉली गावच्या आग विझवणाऱ्या कंपनीकडे वळायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कारण कोल्हापूरच्या एका वाचक बाईंनी गेल्या लेखावर नेमका प्रश्न विचारला आहे. फिलाडेल्फियाच्या युनियन फायर कंपनीत, म्हणजे आगीत एकमेकांच्या मदतीला धावणाऱ्यांच्या मंडळीत, दर सभासदाला कातडी बादल्या दोन आणि पिशव्या मात्र चार, हे कसं? आग विझवायला पिशव्या कशाला लागतात? या पिशव्यांवर माझा फार दिवसांपासून जीव आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या या कंपनीचं नाव निघालं की जो तो बादल्यांबद्दल बोलतो, पिशव्यांकडे कुणी वळून बघत नाही. तेव्हा आजचा लेख त्यांच्यासाठी.

आधी पिशवी हातात घेऊन बघू. कंपनीच्या 7 डिसेंबर 1736 च्या करारनाम्यात तिचं वर्णन अगदी शिंप्याला सांगावं तसं केलं आहे. कापड ऑस्नाबर्गचं, नाहीतर त्याहून मोठ्या पन्ह्याचं लिनन. दर पिशवीला निदान 4 वार कापड. तोंडाशी ओढून आवळायची दोरी. वर सभासदाच्या नावाची आद्याक्षरं आणि कंपनीची खूण. ऑस्नाबर्ग म्हणजे जाडंभरडं, दणकट कापड, पोती आणि कष्टकऱ्यांचे कपडे शिवायला वापरायचे तसलं. चार वार मधोमध दुमडून शिवलं की दोन वार खोल पिशवी होते, जवळजवळ गादीच्या खोळीएवढी. त्यात भांडीकुंडी, कपडे, चादरी, पुस्तकं, हाताला लागेल ते कोंबायचं, दोरी ओढायची आणि रस्त्यावर आणायचं.

करारनाम्यातलं मुख्य कलम हेच सांगतं. आपल्यापैकी कुणाच्या घराजवळ आग लागल्याचं कळताच सगळ्यांनी बादल्या आणि पिशव्या घेऊन धावायचं आणि त्याचं सामान पिशव्यांत भरून सुरक्षित जागी न्यायचं. एकाच वेळी दोघांची घरं धोक्यात आली तर शक्य तितकं समान वाटून घ्यायचं. सामान निघेपर्यंत दोन सभासदांनी दारातून हलायचं नाही, म्हणजे भलताच माणूस आत शिरणार नाही आणि आतली वस्तू भलत्याच हाती जाणार नाही. रात्रीची हाक आली तर आधी खिडकीत निदान दोन दिवे लावायचे. ज्याच्या घराला धोका असेल त्याने खोलीखोलीत मेणबत्ती ठेवायची, गोंधळ होऊ नये म्हणून. हे कलम लिहिणाऱ्या माणसांनी अंधारात लोकांना एकमेकांवर आदळताना नक्की पाहिलेलं असणार.

आता पाण्याचं बघा. त्या काळचा बंब म्हणजे हातांनी दाबायचा पंप बसवलेली पाण्याची पेटी. विहिरीतून किंवा नदीतून पाणी ओढून घेण्याची सोय त्यात बहुधा नसे. माणसांच्या रांगेतून हातोहात आलेल्या बादल्या पेटीत रिकाम्या करायच्या, तेव्हा कुठे धार सुटायची. रांग जमेपर्यंत पेटलेलं घर बहुधा हातचं गेलेलं असे. सगळी धडपड शेजारचं घर वाचवण्यासाठी. पेटलेल्या घराच्या मालकासाठी करता येण्यासारखं एकच काम उरायचं, ते म्हणजे त्याचा संसार बाहेर काढणं.

आणि तो संसार जळाला तर भरपाई कुणाकडून मिळणार? 1736 साली फिलाडेल्फियात आगीचा विमाच नव्हता. चार्ल्सटनला त्याच सुमारास एक विमा मंडळी निघाली, ती 1740 च्या मोठ्या आगीत बुडाली. फिलाडेल्फियाची कॉन्ट्रिब्युशनशिप 1752 साली सुरू झाली, यात फ्रँकलिन होताच. पण तिचा विमा फक्त इमारतीचा. घरातल्या सामानाचा विमा त्या शहरात मिळू लागला तो 1794 साली. मधली जवळजवळ साठ वर्षं सामानापुरता ज्याचा त्याचा आधार म्हणजे सोबत्यांच्या पिशव्या.

आगीतून एकमेकांचं सामान वाचवायची ही कल्पना फ्रँकलिनची नव्हे, त्याच्या जन्मगावाची, बोस्टनची. तिथे 1711 च्या आगीनंतर देखरेखीसाठी खास अधिकारी नेमले गेले. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या हाती पाच फूट लांब लाल काठी, टोकाला चकचकीत पितळी सुळका. आगीच्या गर्दीत चोऱ्या होत, म्हणून 1717 साली तिथे सामान वाचवणारी पहिली सोसायटी उभी राहिली. न्यू इंग्लंडमधल्या अशा मंडळ्यांचे सभासद बादली-पिशवीबरोबर आणखी एक हत्यार बाळगत, पलंग खोलायची लोखंडी चावी. पलंगाचे खांब आणि पट्ट्या बोल्टांनी जोडलेल्या असत. चावी फिरवली की सांगाडा सुटा. पिसांची गादी आणि पडदे धरून पलंग ही घरातली सगळ्यात महागडी वस्तू असायची, म्हणून ही चावी. काही मंडळ्यांचा परवलीचा शब्दही ठरलेला असे, धुरात आपला माणूस ओळखण्यासाठी.

पिशवी समजली की कंपनीचं आणखी एक कोडं सुटतं. युनियनची मर्यादा 25 सभासदांची होती. अर्ज वाढले तेव्हा फ्रँकलिनने लोकांना सांगितलं, तुमची वेगळी कंपनी काढा; म्हणून 1738 साली फेलोशिप, 1742 साली हँड-इन-हँड, अशा एकामागून एक कंपन्या निघत गेल्या. पाणी ओतायला जितके हात तितके थोडेच. मग मर्यादा का? माझं मत असं, की आपली तिजोरी-कपाटं उघडी टाकायची ती ओळखीच्या माणसांपुढेच. दाराशी उभ्या असलेल्या दोघांना आत शिरणारा प्रत्येक चेहरा माहीत असायला हवा, आणि ते पंचवीस-तीस जणांतच जमतं.

पिशवी जागच्या जागी आणि धड आहे की नाही, हे बघायला महिन्याच्या पाळीने एकेक सभासद कारकून व्हायचा. नग कमी भरला तर पाच शिलिंग दंड. आगीत हरवला किंवा फाटला तर मात्र भरपाई सगळ्यांच्या वर्गणीतून.

आणि एक कलम मला सगळ्यांत मोठं वाटतं. सभासद वारला तर त्याच्या विधवेच्या मदतीला, तो हयात असल्यासारखंच, सगळ्यांनी धावून जायचं. अट एकच: तिने बादल्या आणि पिशव्या नीट सांभाळून ठेवाव्यात. स्त्रियांना सभासद करून घेण्याची कल्पनाही त्या मंडळींना शिवली नव्हती. तरी या कलमाने नवऱ्याचा हक्क बाईकडे आला, आणि तो नीट ठेवलेल्या बादल्या-पिशव्यांच्या जोरावर आला.

पुढच्या आठवड्यात मात्र माउंट हॉलीच. 1752 सालची ब्रिटानिया कंपनी.