नोंदणी, सभासदत्व व व्यवसायाचा अधिकार

काही वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातील एका शास्त्रचर्चेस आम्ही उपस्थित होतो. मुलुंड येथे नुकतेच चिकित्सालय थाटलेले एक तरुण वैद्य वर्गणी भरलेली नसल्याने दारातूनच परत गेले. जाताना त्यांनी आम्हांस विचारले, "आता मला व्यवसाय करता येईल ना?" हा प्रश्न अनेक व्यावसायिकांच्या व औषधविक्रेत्यांच्या मनात असतो, म्हणून त्याचे विवेचन येथे करीत आहोत.

प्रथम नोंदणी व सभासदत्व यांतील भेद ध्यानी घ्यावा. आपल्या राज्यात वैद्यकीय व्यवसायाचा अधिकार महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये होणाऱ्या नोंदणीने प्राप्त होतो. नोंदणीवाचून व्यवसाय करण्यास कलम ३३ ने मनाई आहे. ही नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते व तिचे शुल्क टाळता येत नाही. संघटनेचे सभासदत्व मात्र सर्वस्वी ऐच्छिक आहे. संघटना स्थापण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. व्यवसायाचा परवाना देण्याचा अधिकार संघटनेस कोणीही दिलेला नाही. वर्गणी थकल्यास मतदानाचा हक्क व अंक बंद होऊ शकेल, चिकित्सालय नव्हे.

औषधालयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. औषधद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना आवश्यक आहे. केवळ किरकोळ विक्रीस तसा परवाना लागत नाही. तरीही संघटनेच्या संमतीविना माल मिळणार नाही, असा धाक कोणी घातल्यास काय करावे?

या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचे दोन निर्णय मननीय आहेत. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध जून २०१२ मध्ये, तर अखिल भारतीय औषधविक्रेता संघटनेविरुद्ध फेब्रुवारी २०१३ मध्ये आयोगाने निर्णय दिला. नवा स्टॉकिस्ट नेमण्यापूर्वी संघटनेचे ना-हरकत पत्र घेण्याची सक्ती, तसेच नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी उत्पादन-माहितीच्या नावाखाली संघटनेस रक्कम देण्याची सक्ती, या प्रथा स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ विरुद्ध असल्याचे आयोगाने ठरविले. दुसऱ्या प्रकरणी सुमारे ४७ लाख रुपयांचा दंडही ठोठावला. प्रकरणे आधुनिक औषधांच्या व्यापाराची असली तरी कलम ३ सर्वच व्यापारास लागू आहे. संघटनेने सभासदांचे हित पाहावे. बाजाराचे दार अडवू नये, हे यातील तात्पर्य होय. अशी अडवणूक झाल्यास पत्रव्यवहार व नकाराचा लेखी पुरावा जपून ठेवावा आणि आयोगाकडे दाद मागावी.

आता थोडे आत्मपरीक्षण. अंकाची छपाई, टपालखर्च, सभागृहाचे भाडे हे सारे वर्गणीतूनच भागते. म्हणून वर्गणी नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बोरिवली वा घाटकोपरला गाळ्याचे भाडे भरतानाच मेटाकुटीस येणाऱ्या नवोदिताला ती एकरकमी भरणे जड जाते, आणि अनुभवी वैद्यांच्या सहवासाची गरजही त्यालाच सर्वाधिक असते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे लाभ वर्णिले आहेत. तेथे संभाषेसाठी पात्रता पाहिली आहे ती ज्ञानाची व स्वभावाची, द्रव्याची नव्हे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : नव्या पदवीधरांना पहिली तीन वर्षे सवलतीची वर्गणी असावी, ती हप्त्यांनी भरण्याची मुभा असावी, आणि मतदान सभासदांपुरते ठेवले तरी शास्त्रचर्चा प्रत्येक नोंदणीकृत वैद्यास खुली असावी. त्यासाठी घटनेत दुरुस्ती लागल्यास ती सर्वसाधारण सभेत मांडता येईल. दारातून परत गेलेला वैद्य पुढे वर्गणी भरण्याची ऐपत आल्यावरही त्या दाराकडे वळत नाही, हा आमचा अनुभव आहे.