रझवीला गोळी घातली असती तर?

आमच्या आजीचे बालपण धाराशिवला गेले. दिवाळीत सारे फराळाला बसले, की रझाकारांचा विषय हटकून निघे. मग चकली मोडता मोडता मामा आपला ठरलेला प्रश्न टाकी, "त्या कासीम रझवीला वेळीच कुणी गोळी घातली असती, तर सारे तिथेच थांबले नसते का?"

आजी शांतपणे म्हणे, "आधीचा गेला, तेव्हा कुठे थांबले?"

या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उमगला. 'आधीचा' म्हणजे बहादूर यार जंग. निजामाच्या राज्यातील इत्तेहादुल मुसलमीनचा हा फर्डा वक्ता १९४४ साली अचानक वारला. संघटना मात्र वारली नाही. दोन-अडीच वर्षांत तिची सूत्रे लातूरच्या एका वकिलाकडे आली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो वकील म्हणजेच रझवी! गेलेल्यापेक्षा आलेला कितीतरी जहाल निघाला. गावे लुटली जाऊ लागली, तशी आजीची माणसे रातोरात सरहद्द ओलांडून बार्शीला गेली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेने नळदुर्ग घेतला. १७ तारखेला निजाम शरण आला. रझवी जिवंत सापडला, १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेला. पुढारी जिवंत, पण रझाकार संपले! कारण त्यांच्या पाठीशी असलेली सत्ताच उरली नव्हती.

जगातही असेच दिसते. लेबनॉनमध्ये १९९२ साली हिजबुल्लाचा नेता अब्बास मुसावी मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या नसरल्लाने ती संघटना ३२ वर्षे चालवून कितीतरी बलाढ्य केली. त्याच वर्षी पेरूमध्ये गुझमान जिवंत पकडला गेला. पुढे त्याने तुरुंगातूनच तहाची भाषा केली आणि त्याचे बंड ओसरले.

म्हणजे जिवंत धरले, की सारे निभावले? तसेही नाही. आजीची गोष्ट बार्शीला संपत नसे. त्या साली दिवाळीच्या सुमारास ती धाराशिवला परतली, तेव्हा शेजारच्या अत्तारांच्या घराला कुलूप नव्हते. कारण दारेच नव्हती. तिच्या बरोबरीची त्यांची मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. रझवी तेव्हा तुरुंगात होता. सूड मात्र मोकळा होता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार माणसे मारली गेल्याचे नमूद केले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही.

आता आजी नाही. कुठल्या तरी पुढाऱ्याला टिपल्याची बातमी आली, की आमचा भाचा विचारतो, "आता तरी थांबेल ना?" मी त्याला तीन प्रश्न विचारायला शिकवले आहेत. त्याच्या जागी कोण येणार? त्याला बळ देणारे हात शाबूत आहेत का? आणि जिंकलेल्यांचा हात कोण धरणार?

तिसरा प्रश्न आजीचा आहे. अत्तारांच्या दारापाशी तिला तो पडला होता.