आर्गॉनची फुंकर

स्टेनलेस स्टीलची गोष्ट बहुतेक जण १९१३ सालच्या शेफील्डपासून सांगतात. बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून हॅरी ब्रेअर्ली पोलादात क्रोमियम घालून पाहत होता. सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद गंजेना. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप या पोलाद कंपनीच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियमला निकेलची जोड दिली. या तिघांचा मान मोठाच आहे. पण हे पोलाद सामान्यांना परवडू लागलं त्याचं मोठं श्रेय मी एका कन्व्हर्टरला देतो.

अडचण कर्बाची होती. वेल्डिंगच्या जागी कर्ब क्रोमियमला ओढून घेतो आणि सांध्याशेजारी गंज धरतो. कर्ब जाळायला पोलादाच्या वितळलेल्या रसात ऑक्सिजन सोडावा, तर त्याबरोबर क्रोमियमही जळून वर तरंगणाऱ्या मळीत जातं. मग ती तूट भरायला कमी कर्बाचं महागडं फेरोक्रोम, म्हणजे लोखंड-क्रोमियमचा मिश्रधातू, वरून घालावं लागे.

१९५४ साली अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या विल्यम क्रिव्हस्कीने प्रयोगात तापमान आवरण्यासाठी ऑक्सिजनमध्ये आर्गॉन हा निष्क्रिय वायू मिसळला. कर्ब अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली गेला आणि क्रोमियम शाबूत राहिलं! कर्ब जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. बुडबुड्यात आर्गॉन असला की कार्बन मोनॉक्साइडचा दाब उतरतो, कर्ब जळत राहतो आणि क्रोमियमवर पाळी येत नाही. एवढं साधं तत्त्व कारखान्यात उतरायला मात्र १९६७ साल उजाडलं. इंडियानातल्या फोर्ट वेनला, जॉस्लिनच्या कारखान्यात, ते पहिल्यांदा कन्व्हर्टरमध्ये साधलं.

हा कन्व्हर्टर म्हणजे आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर असलेलं, कलतं होणारं भलंमोठं भांडं. तळाजवळच्या नळ्यांतून वायू थेट रसात घुसतात. आधी तीन भाग ऑक्सिजनला एक भाग आर्गॉन. कर्ब उतरेल तसं प्रमाण बदलत जातं आणि शेवटी नेमकं उलटं होतं. मला सर्वांत आवडतो तो त्यापुढचा टप्पा. एवढं जपूनही थोडं क्रोमियम मळीत गेलेलं असतंच. आता ऑक्सिजन बंद करून सिलिकॉनयुक्त मिश्रधातू घालतात, नुसत्या आर्गॉनने रस ढवळतात. सिलिकॉन मळीतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि क्रोमियम पुन्हा रसात उतरतं.

या पद्धतीमुळे भंगार आणि जास्त कर्बाचं स्वस्त फेरोक्रोम घेऊनही काम भागू लागलं. कर्ब ०.०३ टक्क्यांखाली नेणं आता रोजचंच झालंय. दुधाच्या टँकरचे, औषध कारखान्यांतल्या टाक्यांचे सांधे टिकतात ते या कमी कर्बाच्या पोलादामुळे.