जुनी मोटार : छंद आणि नियम

झाशीच्या तटबंदीतील खंडेराव गेटचे मोल त्याच्या जुनेपणात आहे. प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या फियाट मोटारीचेही तसेच. निवृत्तीनंतर या छंदाकडे पुन्हा वळणाऱ्याने दुरुस्तीवर पुंजी खर्चण्यापूर्वी २०२१ चे केंद्रीय नियम जाणून घ्यावेत. प्रथम नोंदणीला ५० वर्षे उलटलेली व सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना गाडी रोज चालवायची आहे, त्यांनी त्याहून अलीकडची पद्मिनी निवडावी आणि इंजिन व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी आधी ताडून पाहावेत.